सगळेच प्राणी थोडेथोडे वाढवावेत, की एकच टीम शेवटपर्यंत न्यावी?

खापरीहून

नमस्कार मंडळी. मोबाइलवरच्या ज्या कोडेखेळांत प्राणी गोळा करायचे, त्यांची लेव्हल वाढवायची आणि मग त्यांना इव्हॉल्व्ह करायचे, म्हणजे पुढच्या रूपात न्यायचे असते, त्यांच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे सापडत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी ‘पझल अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गंगहो या जपानी कंपनीने तो फेब्रुवारी २०१२ मध्ये आणला. नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना मी तो खेळू लागलो, आणि आता मिहानमध्ये काम करताना खापरी ते सीताबर्डी या मेट्रोच्या प्रवासात तो चालूच असतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पटावर ६ रकाने आणि ५ ओळी मिळून ३० गोळे असतात. आग, पाणी, लाकूड, प्रकाश आणि अंधार असे पाच रंग, आणि सहावा गोळा हृदयाचा, ज्याने टीमची प्राणशक्ती भरून येते. एक गोळा बोटाने धरून पटावर कुठेही फिरवता येतो आणि वाटेतल्या गोळ्यांशी तो जागा बदलत जातो. एका रंगाचे तीन गोळे एका रेषेत आले की त्या रंगाचा आपला प्राणी हल्ला करतो. टीममध्ये आपले पाच प्राणी असतात आणि सहावा एखाद्या मित्राचा लीडर असतो (लीडर म्हणजे टीमचा म्होरक्या, ज्याची खास शक्ती सगळ्या टीमला लागू होते).

आता प्रश्न. बॉक्समध्ये शेकडो प्राणी साठतात, पण त्यांना खाऊ घालून वाढवण्यासाठी लागणारे दुसरे प्राणी आणि नाणी मर्यादित असतात. माझे मत असे की सगळ्यांना थोडेथोडे वाढवावे. आग लाकडावर भारी, लाकूड पाण्यावर आणि पाणी आगीवर. अनुकूल रंगाचा मार दुप्पट बसतो आणि प्रतिकूल रंगाचा निम्मा. मग प्रत्येक रंगाची बरी टीम हाताशी असणे हेच शहाणपणाचे नाही का? आपापले अनुभव कृपया लिहावेत.

धरमपेठची_मेधा

विषय आवडला. मी ‘बेस्ट फीन्ड्स’ खेळते. तो हेलसिंकीच्या सीरियसली या कंपनीने २०१४ मध्ये काढला. त्यात एकाच रंगाच्या शेजारशेजारच्या वस्तूंवरून बोट ओढत रेषा जोडायची असते आणि समोर गोगलगायींची फौज असते. प्रत्येक रंगासाठी एकच सोबती बरोबर नेता येतो, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथे निराळ्या रूपात येतो: एका रंगाचे चार सोबती जमले, तर खाऊ कोणाला द्यायचा? मी प्रत्येक रंगातला एकच निवडते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. नवा सोबती मिळाला की त्यालाही थोडे वाढवून पाहावे असा मोह होतो, पण तसे केले की कोणीच पुढच्या रूपापर्यंत पोहोचत नाही, आणि कठीण टप्प्यावर सगळेच अपुरे पडतात.

गणिताचे_मास्तर

या प्रश्नाला आकड्यांचे उत्तर आहे, आणि ते दोन्ही बाजूंना थोडे थोडे पटेल असे आहे.

‘पझल अँड ड्रॅगन्स’मध्ये लेव्हल वाढवायला लागणारा अनुभव सरळ रेषेत वाढत नाही. ९९ ही कमाल लेव्हल असलेला प्राणी घेतला, तर एखाद्या लेव्हलपर्यंत लागणारा अनुभव काढण्यासाठी त्या लेव्हलमधून १ वजा करायचा, उत्तराला ९८ ने भागायचे, आणि येणाऱ्या अपूर्णांकाचा अडीचावा घात करून त्याला एकूण अनुभवाने गुणायचे. एकूण ४० लाख अनुभव लागणारा प्राणी धरू. त्याला ५० व्या लेव्हलपर्यंत न्यायला सुमारे ७ लाख ७ हजार पुरतात, म्हणजे एकूण खर्चाच्या १८ टक्क्यांहूनही कमी. ७५ व्या लेव्हलपर्यंत सुमारे १९ लाख ८० हजार लागतात, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे. उरलेला निम्मा खर्च शेवटच्या २४ लेव्हल्सचा असतो. त्यातही ९० पासून ९९ पर्यंतच्या ९ लेव्हल्सना साधारण साडेआठ लाख अनुभव लागतो, जो पहिल्या ४९ लेव्हल्सच्या मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त आहे.

उलट बाजूला प्राणशक्ती आणि मारा हे बहुतेक प्राण्यांत लेव्हलच्या प्रमाणात, साधारण समान गतीने वाढतात. म्हणजे निम्म्या खर्चात तीन चतुर्थांश वाढ पदरात पडते. त्यामुळे एकाला ९९ पर्यंत नेण्याच्या खर्चात दोघांना ७५ पर्यंत नेता येते, आणि खापरीहून यांचे म्हणणे इथपर्यंत हिशोबाने योग्य ठरते.

धरमपेठची_मेधा

मास्तर, हिशोब मान्य आहे, पण त्यात इव्हॉल्व्ह करणे कुठे आले? माझ्या खेळात ठरावीक लेव्हल गाठल्याशिवाय सोबत्याचे रूप बदलत नाही. त्याच्या एक लेव्हल अलीकडे थांबलेला सोबती हिशोबात कितीही स्वस्त पडला तरी त्याचा मला उपयोग काय?

गणिताचे_मास्तर

आपला मुद्दा योग्य आहे, आणि म्हणूनच मी ‘इथपर्यंत’ हा शब्द वापरला होता. मी शिकलो त्या पद्धतीत ‘पझल अँड ड्रॅगन्स’मध्येही प्राण्याची त्या रूपातली कमाल लेव्हल झाल्याशिवाय तो इव्हॉल्व्ह होत नसे, आणि झाल्यावर नव्या रूपात तो पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू होत असे. मात्र सुरुवातीच्या रूपांची कमाल लेव्हल बरीच खाली असते आणि त्यांना लागणारा अनुभवही थोडा असतो. खरा खर्च शेवटच्या रूपाचा असतो. म्हणून मी असा नियम पाळतो: ज्याला पुढचे रूप आहे त्याला कमाल लेव्हलपर्यंत न्यावे, मध्येच सोडू नये, जो शेवटच्या रूपात पोहोचला त्याला ७०-७५ पर्यंत नेऊन थांबावे आणि पुढच्या प्राण्याकडे वळावे. ९९ चा आग्रह फक्त लीडरसाठी, आणि तोही सगळ्यांत शेवटी.

काटोलची_बाग

आमची संत्र्याची बाग आहे. झाडाला वर्षात आंबिया आणि मृग असे दोन बहर येऊ शकतात, पण जाणता बागाईतदार एका झाडावर एकच बहर धरतो, कारण दोन्ही धरले तर झाड खचते आणि फळही बारीक राहते. बहर धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, आणि त्या काळात हात आवरण्यालाच खरे कसब लागते. माझ्या मते खेळातही हेच आहे. आज कोणाला खाऊ घालायचे नाही हे ज्याने ठरवले, त्याच्याच टीमची वाढ होते. मास्तरांचा ७५ चा हिशोब चांगला आहे, परंतु तो अमलात आणण्यासाठी आधी चार-पाच प्राणी निवडून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करण्याची तयारी हवी.

सक्करदरा_एक्सप्रेस

मला ‘पोकेमॉन शफल’च्या अनुभवावरून खापरीहून यांची बाजू घ्यावीशी वाटते. हा खेळ २०१५ मध्ये आधी निन्टेन्डो थ्रीडीएसवर आणि त्याच वर्षी मोबाइलवर आला. त्यात ६ बाय ६ चा पट असतो आणि आपण बरोबर चार पोकेमॉन नेतो. पोकेमॉनचे एकूण १८ प्रकार आहेत, आणि अनुकूल प्रकार नेला तर मार दुप्पट, प्रतिकूल नेला तर निम्मा. चाली मोजक्याच मिळतात. कितीही वाढवलेली आगीची टीम पाण्याच्या पोकेमॉनसमोर नेली, तर चाली संपून जातात आणि तो उभाच राहतो. म्हणजे इथे रुंदी नसेल तर खोलीचा काही फायदा नाही.

शिवाय डाव जिंकल्यावर समोरचा पोकेमॉन पकडता येतो, आणि त्याची शक्यता उरलेल्या चालींवर ठरते. जितक्या कमी चालींत जिंकाल, तितका तो पोकेमॉन हाती लागण्याचा संभव वाढतो. त्यामुळे योग्य प्रकारची मध्यम टीम असेल, तर ती जिंकूनही देते आणि नवा पोकेमॉनही मिळवून देते. पहिल्या प्रयत्नात तो निसटला तर २,५०० नाणी देऊन ग्रेट बॉल घेता येतो आणि शक्यता दुप्पट होते, पण ती नाणी मी शक्यता मुळातच बरी असलेल्या वेळीच खर्च करतो, कारण ५ टक्क्यांची दुप्पट १० टक्केच होते आणि ४० टक्क्यांची मात्र ८० होते.

वर्धेकर

मेगा इव्होल्यूशनचे काय? तो प्रकार मला नीटसा समजलेला नाही.

सक्करदरा_एक्सप्रेस

वर्धेकर, ते कायमचे रूपांतर नसते. ज्या पोकेमॉनचा मेगा स्टोन आपल्याजवळ आहे, तो टीममध्ये पहिल्या जागी ठेवायचा. पटावर त्याच्या जुळण्या होत गेल्या की बाजूची पट्टी भरते आणि तेवढ्या डावापुरता तो मेगा रूपात जातो. त्यानंतर त्याची जुळणी झाली की पटावरचे इतर तुकडेही त्याच्या ठरलेल्या आकारात साफ होतात. पट्टी भरायला लागणारा वेळ कमी करणारे मेगा स्पीडअप मिळतात, आणि मी माझ्या खेळात सर्वांत जास्त विचार त्यांच्याच वाटपाचा करतो. इथे मी मेधाताईंच्या पक्षात आहे: स्पीडअप विखरून देऊ नयेत, एकाच मेगा पोकेमॉनला पूर्ण द्यावेत, कारण डावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या चालीला जागा होणारा एक मेगा हा डाव संपत आल्यावर जागे होणाऱ्या चारांपेक्षा उपयोगी पडतो.

निळा_गोळा

आतापर्यंतची सगळी चर्चा प्राण्यांची झाली, बोटांची कोणी केलीच नाही, आणि माझ्या मते निकाल बोटांवरच लागतो.

‘पझल अँड ड्रॅगन्स’मध्ये पहिल्या कॉम्बोनंतरचा (एका हालचालीत झालेली एक जुळणी म्हणजे एक कॉम्बो) प्रत्येक कॉम्बो सगळ्या टीमचा मारा २५ टक्क्यांनी वाढवतो. ४ कॉम्बोंचा गुणक १.७५ आहे, ६ कॉम्बोंचा २.२५ आणि ७ चा २.५. चाराचे सहा करता आले की केवळ गुणकानेच मारा साडेअठ्ठावीस टक्क्यांनी वाढतो, आणि ती वाढ एका प्राण्याला मिळत नाही, टीममधल्या सहाही प्राण्यांना एकदम मिळते, शिवाय तिच्यासाठी एकही प्राणी खाऊ म्हणून खर्च होत नाही. ३० गोळ्यांतून एका मांडणीत जास्तीत जास्त १० कॉम्बो निघू शकतात, तेव्हा वाढीला जागाही पुष्कळ आहे.

हे शिकायचे कसे, तर खालच्या ओळीपासून मांडत वर यावे. गोळे वरून खाली पडतात, म्हणून खालची जुळणी आधी पक्की केली की वर केलेल्या बदलांनी ती मोडत नाही. दुसरे म्हणजे, हलवायला सुरुवात करण्याआधी पटाकडे शांतपणे पाहावे. गोळा हलवू लागल्यावरच वेळ मोजला जातो, तोपर्यंत घड्याळ थांबलेले असते. मूळ खेळात हलवायला ४ सेकंद मिळत, आणि तेवढ्यात विचार आणि हालचाल दोन्ही करणे शक्य नसते; विचार आधीच झालेला हवा. तिसरे, एकाच रंगाचे पाच किंवा जास्त गोळे एकत्र जुळवले तर मार समोरच्या सगळ्या शत्रूंना बसतो, पण शत्रू एकच असेल तर त्या गोळ्यांतले तीन एका जुळणीला ठेवून बाकीचे दुसऱ्या जुळणीसाठी राखावेत.

प्रतापनगर७

निळा_गोळा यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. माझ्या पुतणीची टीम माझ्याहून कितीतरी कमी लेव्हलची आहे, पण ती माझ्या आधी डंजन (शत्रूंशी लढायचा टप्पा) पार करते.

गणिताचे_मास्तर

निळा_गोळा, आपले म्हणणे खरे असले तरी त्याला एक मर्यादा आहे. कॉम्बोंनी मारा वाढतो, प्राणशक्ती वाढत नाही. पुढच्या डंजनांत शत्रूचा एकच घाव टीमच्या एकूण प्राणशक्तीपेक्षा मोठा असेल, तर बोटे कितीही चपळ असोत, पहिलाच घाव शेवटचा ठरतो. तिथे लेव्हल, इव्होल्यूशन आणि प्लसचे गुण यांना पर्याय नाही. प्लसचा एक गुण प्राणशक्तीत १०, माऱ्यात ५ किंवा भरण्याच्या शक्तीत ३ देतो, आणि प्रत्येकाचे ९९ पूर्ण केले की मिळून ज्याला खेळणारे +२९७ म्हणतात ते होते: प्राणशक्ती ९९०, मारा ४९५ आणि भरण्याची शक्ती २९७ ने वाढते. ज्याचा मारा मुळात १,५०० आहे त्याच्यासाठी ही जवळजवळ एक तृतीयांश वाढ झाली. आणि हे गुण इव्हॉल्व्ह केल्यावर लेव्हलप्रमाणे पुन्हा सुरुवातीला जात नाहीत, नव्या रूपातही टिकतात. म्हणून प्लसचे गुण जो प्राणी आपण दीर्घकाळ वापरणार आहोत त्यालाच द्यावेत.

नंदनवनातील_आजी

तुम्हा सर्वांची चर्चा मी आणि माझा नातू मिळून वाचतो आहोत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी मुलांना घराबाहेर पाठवता येत नाही, आणि अशाच दुपारी नातवाने मला हा खेळ शिकवला. त्याचे म्हणणे असे की प्राणी जिंकण्यासाठी गोळा करायचेच नसतात, ते सगळे आपल्याजवळ असावेत म्हणून गोळा करायचे असतात. कोणता प्राणी कोणत्या रूपातून कोणत्या रूपात गेला याची त्याने वहीत चित्रे काढली आहेत. मला त्याचे म्हणणे पटते. तुम्ही ज्यांना खाऊ म्हणून वापरता, त्यांतले किती तरी प्राणी दिसायला इतके सुंदर आहेत की त्यांना दुसऱ्याच्या तोंडी द्यायला आमचे मन होत नाही. अशा खेळाडूंसाठी तुमच्याजवळ काही सल्ला आहे का?

धरमपेठची_मेधा

आजी, नातवाचे म्हणणे मलाही मनापासून पटले. लहानपणी काड्यापेट्यांची चित्रे जमवणाऱ्यांना कोणी विचारत नसे की त्यांचा उपयोग काय.

खापरीहून

आजी, ‘पझल अँड ड्रॅगन्स’पुरते सांगतो. तिथे बॉक्समधली जागा हीच संग्राहकाची खरी अडचण असते. एका जादूच्या दगडात (हे दगड पैसे देऊनही घेता येतात) ५ जागा वाढतात, आणि दुर्मीळ अंड्याच्या यंत्रातून एक अंडे, म्हणजे नशिबाने मिळणारा एक प्राणी, काढायला ५ दगड लागतात. म्हणजे एका अंड्याच्या मोबदल्यात २५ प्राण्यांची कायमची सोय होते. संग्रह करायचा असेल तर सुरुवातीचे दगड जागेवर खर्च करावेत. शिवाय आवडत्या प्राण्याला कुलूप लावण्याची सोय असते, ते लावले की तो चुकून खाऊत जात नाही. नातवाला हे जरूर दाखवा.

काटोलची_बाग

आणि एकसारखे दोन प्राणी आले, तर दुसरा निरुपयोगी समजू नये. ज्याचे स्किल, म्हणजे लढाईत वापरायची खास शक्ती, आपल्या प्राण्याच्या स्किलसारखेच आहे तो खाऊ घातला, तर स्किलची लेव्हल वाढण्याचा संभव असतो आणि ते स्किल कमी चालींत तयार होते. ही वाढही इव्हॉल्व्ह केल्यावर टिकते, फक्त नव्या रूपाचे स्किल तेच असले पाहिजे. चित्रांसाठी एक ठेवावा आणि दुसरा कामाला लावावा.

इतवारी_खतावणी

दगडांचा विषय निघाला म्हणून पैशांविषयी लिहितो, कारण पालकांनी हे वाचणे मला आवश्यक वाटते.

यंत्रातून निघणारा प्राणी नशिबावर असतो. एखाद्या प्राण्याची शक्यता १ टक्का असेल, तर १०० वेळा काढल्यावर तो मिळेलच असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात १०० वेळा काढूनही तो मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच असते, म्हणजे तेवढा खर्च करणाऱ्या दर १०० जणांपैकी जवळपास ३७ जण रिकाम्या हाताने परततात. ‘इतके काढले, आता येईलच’ हा विचार तर मुळातच निराधार आहे. यंत्रात ठरावीक वेळांनंतर हमखास देण्याची सोय लिहिलेली नसेल, तर पुढच्या खेपेची शक्यता पुन्हा तेवढीच १ टक्का असते.

याहून अवघड प्रकार संच पूर्ण करण्याचा. समान शक्यतेचे ६ प्राणी असतील आणि सहाही जमवल्यावर सातवा मिळणार असेल, तर सरासरी १४.७ वेळा काढावे लागते, आणि त्यातल्या ६ खेपा एकट्या शेवटच्या प्राण्यासाठी जातात. पाच जमले की ‘आता एकच राहिला’ असे वाटते, आणि सर्वांत जास्त पैसे तिथेच जातात. जपानमध्ये या पद्धतीला कोम्पू गाचा म्हणत. तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे २०१२ मध्ये ती बेकायदेशीर असल्याचे स्पष्ट केले आणि १ जुलै २०१२ पासून कायद्याचा तो अर्थ लागू झाला. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी नियम केला की पैसे देऊन नशिबाची पेटी विकणाऱ्या खेळाने प्रत्येक प्रकारच्या वस्तूची शक्यता खरेदीआधी दाखवली पाहिजे. ते आकडे वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

मुलांच्या हाती मोबाइल देत असाल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असे करून ठेवा.

प्रतापनगर७

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने हे खेळ बंद झाले, असे आमच्या गटात कोणीतरी लिहिले होते. ते खरे आहे काय?

इतवारी_खतावणी

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर. आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत, त्या खेळांत खेळाडू रोख रक्कम जिंकत नाही. मात्र कायद्याने बंदी नाही याचा अर्थ खर्चाला मर्यादा नको असा होत नाही.

निळा_गोळा

खतावणी यांच्या गणिताला माझा विरोध नाही, पण खर्च म्हणजे सरसकट वाईट असा सूर मला मान्य नाही. ज्या खेळाने आपल्याला रोज आनंद दिला, त्याच्या निर्मात्यांना महिन्याकाठी एका प्लेट तर्री-पोह्यांइतकी रक्कम द्यायला काय हरकत आहे? ती जागेसारख्या कायम टिकणाऱ्या गोष्टीवर द्यावी, नशिबाच्या यंत्रात घालू नये, एवढेच.

इतवारी_खतावणी

यावर आपले एकमत आहे. जे नक्की मिळते त्यावर केलेला खर्च आणि जे कदाचित मिळेल त्यावर केलेला खर्च यांत मी फरक करतो, आणि माझा आक्षेप केवळ दुसऱ्यावर आहे.

वर्धेकर

आजींनी ४५ अंशांचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सुचवतो, कारण तिचा कॉम्बोंशी थेट संबंध आहे. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे ॲपलनेच सांगितले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात त्याच्या किती तरी वर खेळले जाते. फोन तापला की तो आपला वेग कमी करतो, पट अडखळू लागतो आणि बोटाखालचा गोळा मध्येच सुटतो. चार्जिंगला लावून खेळू नये, आणि कठीण डंजन सकाळी खेळावे.

खापरीहून

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण तुमच्या उत्तरांनी माझे मत बदलले आहे आणि ते कसे बदलले हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

रुंदी हवी, हे मत कायम आहे. सक्करदरा_एक्सप्रेस यांनी १८ प्रकारांविषयी लिहिले त्याने ते पक्केच झाले. पण रुंदी म्हणजे सगळ्यांना थोडेथोडे असे मी समजत होतो, ते मास्तरांच्या आणि मेधाताईंच्या प्रतिसादांनंतर सोडून देतो आहे. प्रत्येक रंगाचा एक लीडर आधी निवडायचा, त्याला साजेसे चार सोबती त्याच रंगातून ठरवायचे, आणि एका वेळी एकच रंग हाती घ्यायचा. त्या रंगातला जो अजून मधल्या रूपात आहे तो आधी इव्हॉल्व्ह होईल, शेवटच्या रूपातले ७५ पर्यंत जाऊन थांबतील, आणि मगच पुढचा रंग. एका वेळी एकच रंग घेण्याचा आणखी एक लाभ चर्चेत आला नाही: त्याच रंगाचा प्राणी खाऊ घातला तर दीडपट अनुभव मिळतो, म्हणजे १० प्राण्यांत १५ प्राण्यांचे काम होते. सगळ्या रंगांना मिळेल तो खाऊ वाटत बसले की हा लाभ हातचा जातो.

इव्होल्यूशनला लागणारे साहित्यही वारांप्रमाणे बदलणाऱ्या डंजनांतून मिळते, म्हणून लेव्हल पूर्ण होण्याची वाट न पाहता ते आधीच जमवून ठेवणार आहे. आता एकच शंका राहिली. माझ्या पाण्याच्या लीडरला अल्टिमेट इव्होल्यूशनच्या, म्हणजे साध्या इव्होल्यूशननंतरच्या खास रूपांतराच्या, दोन वाटा आहेत, एकीत मारा जास्त आणि दुसरीत प्राणशक्ती. कोणती धरावी?

गणिताचे_मास्तर

तुमचा मित्र कोणता लीडर आणतो यावर ते अवलंबून आहे. दोन्ही लीडरांचे गुणक एकमेकांना गुणले जातात, त्यांची बेरीज होत नाही. दोघांचाही मारा दुप्पट असेल तर एकूण चौपट होतो. म्हणून मित्रांच्या यादीत माऱ्याचे लीडर जास्त असतील तर तुम्हीही माऱ्याची वाट धरावी. टीम पहिल्याच घावात कोसळत असेल, तर मात्र प्राणशक्तीची.

काटोलची_बाग

आणि निवडताना फार घाबरू नका. साधे इव्होल्यूशन परत फिरवता येत नाही, पण अल्टिमेट इव्होल्यूशन फिरवता येते. त्यासाठी आग, पाणी, लाकूड, प्रकाश आणि अंधार या पाचही रंगांचे लिट नावाचे छोटे प्राणी एकेक लागतात. खर्च केलेले साहित्य परत मिळत नाही, तेव्हा दुसऱ्या वाटेचे साहित्य आणि पाच लिट बॉक्समध्ये जमा झाल्यावरच वाट बदला. तोवर माऱ्याच्या वाटेने जाऊन पाहा, कारण तुमच्याकडे निळा_गोळा यांनी सांगितलेले कॉम्बो जमत असतील तर तिचाच उपयोग जास्त होईल.

खापरीहून

समजले. लिट पाचही आहेत, अंधाराचा तेवढा एकच असल्याने त्याला आत्ताच कुलूप लावतो आणि माऱ्याची वाट धरतो.